वालावर जळलेली तवली

मित्रांनो, म्हसळ्याहून डोंगराकडे जो कच्चा रस्ता जातो, त्याच्या शेवटाला धर्माजी आणि कोकिळा या नवराबायकोचं घर आहे. त्यांच्या चुलीशेजारी तुम्हाला एक काळीभोर, पसरट, काठाचा टवका उडालेली मातीची तवली दिसेल. ती मी. पण मी या घरची नाही. माझं बहुतेक आयुष्य समुद्राकडच्या एका घरात कालवण शिजवण्यात गेलं. तिथून मला का निघावं लागलं, ते आज तुम्हाला सांगते. सांगताना मला माझीच लाज वाटणार आहे. पण लपवायचंच असेल तर तोंड उघडू तरी कशाला?

मला घडवलं गोरेगावच्या एका कुंभाराने. त्याने मला चाकावरून उतरवलं, थापटून थापटून माझं बूड गोल केलं आणि भट्टीत असं भाजलं की माझा आवाज घंटेसारखा झाला. बाजाराच्या दिवशी मी इतर तवल्यांबरोबर पेंढ्यावर बसले होते. एक बाई आली. तिने एकेकीला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि माझ्यापाशी थांबून म्हणाली, "ही द्या." तिचं बोट धरून एक लहानगा उभा होता. त्याचं नाव शब्बीर.

शब्बीरच्या आईने मला लगेच कामाला जुंपलं नाही. तीन दिवस माझ्यात तांदळाची पेज शिजवली, अंगाला खोबरेल चोळलं आणि चौथ्या दिवशी पहिलं कालवण केलं. बांगड्याचं. त्या दिवसापासून मी माशांची झाले. बांगडा, सुरमई, हलवा, बोंबील, कोळंबी, जे जाळ्यात येईल ते माझ्यात येई. मातीच्या भांड्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. रस त्यांत मुरत जातो आणि दर वर्षी चव वाढते. शेजारणी म्हणायच्या, "तुमच्या तवलीत नुसतं पाणी उकळलं, तरी त्याचं कालवण होईल." हे वाक्य मला इतकं आवडायचं की कुणी बोललं की मी दिवसभर फुगून बसायची.

शब्बीर मोठा झाला, कुवेतला जाऊन आला आणि परतल्यावर जेटीवर मासळीचा व्यापार करू लागला. लग्न होऊन आबिदा घरात आली. सासू गेल्यावर मी आबिदाच्या हाताखाली आले. तिचा हात हलका होता. मला चुलीवरून उतरवताना ती कधी आपटायची नाही. त्या मोठ्या चक्रीवादळात घराचे पत्रे उडाले, कपाटातली काचेची भांडी फुटली, माझा मात्र फक्त काठाचा टवका गेला. दुसऱ्या दिवशी आबिदाने अंगणात तीन दगड मांडले आणि माझ्यात सुक्या बोंबलाचं कालवण केलं. गल्लीतली पाच घरं त्यावर जेवली. शब्बीर आणि आबिदाची एकुलती एक मुलगी हफ्सा तेव्हा चार वर्षांची होती. तिने सगळ्यांच्या शेवटी बोटाने माझा तळ पुसून चाटला होता.

हफ्सा माझी लाडकी. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच असताना ती माझं झाकण उचलायची आणि वाफेत नाक घालून विचारायची, "आज कोण आहे?" जसा काही पाहुणाच आलाय घरात. आबिदा म्हणायची, "आज हलवा आहे, हात धुऊन ये." या एका प्रश्नासाठी मी सकाळपासून वाट बघत असायची. आणि माझ्या मनात पक्कं बसलं होतं की हे घर माझ्यावर उभं आहे. शब्बीरचे भक्कम दंड, आबिदाची तुकतुकीत कांती, हफ्साची धावपळ, सगळं माझ्या पोटातून आलेलं.

हफ्सा नऊ वर्षांची झाली त्या वर्षी तिचे ओठ जेवल्यावर खाजायला लागले. आबिदाला वाटलं, मिरची जास्त झाली. तिने मिरची कमी केली. मग दिवाळीच्या सुट्टीच्या आधी एका रविवारी दुपारी सुरमईचं कालवण होतं. हफ्साने दोन तुकडे खाल्ले आणि गळा खाजवायला लागली. बघता बघता तिचे ओठ सुजले, अंगावर लाल गांध्या उठल्या आणि "अम्मी" म्हणताना तिचा आवाज घोगरा आला. शब्बीरने मोटरसायकल काढली. मागे आबिदा, मध्ये हफ्सा. ताटं तशीच राहिली. मी चुलीवर अर्धी भरलेली, गार होत बसले.

तिसऱ्या दिवशी ते परत आले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं आबिदा शेजारणीला सांगत होती, ते मी ऐकलं. मासे आणि कोळंबी हफ्साला आता विषासारखी. रस्सा नाही, तुकडा नाही, शिजतानाची वाफसुद्धा तोंडावर नको. तिची भांडी वेगळी, चमचे वेगळे.

त्या संध्याकाळी आबिदाने मला राखेने तीनदा घासलं. उकळतं पाणी ओतलं. मग नाकाशी धरून वास घेतला आणि मान हलवली. इतक्या वर्षांचा वास तो, जाईल कसा? तिने मला मागच्या पडवीत, खिडकीबाहेरच्या फळीवर पालथं घातलं. मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. माशांशिवाय हे घर जगेल कसं?

पण पुढे जे झालं ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. इस्पितळात नाकातोंडाला नळी लावून पडलेल्या हफ्साने मनाशी काहीतरी ठरवलं होतं. घरी आल्यावर शब्बीरने कोंबडी आणली, तर तिने ताट बाजूला सारलं.

"ज्याला डोळे होते ते मी खाणार नाही," ती म्हणाली.

"अगो, कोंबडीने काय केला तुला?" शब्बीर म्हणाला. "बरं, अंडा तरी खा."

"अंड्याला आतून असतात."

"मग दूध?"

हफ्साने थोडा विचार केला. "दही चालेल. दह्याला नसतात."

आबिदाने नवऱ्याला डोळ्याने खुणावलं की आता जोर करू नको, घाबरलेली आहे. आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून एक नवा स्टीलचा टोप आला. चकचकीत. त्याला मुरणं म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याच्या अंगाला काही चिकटत नाही, घासला की कालचं सगळं विसरतो. तो माझ्या जागेवर बसला. खिडकीतून मला तो सरळ दिसायचा. मी त्याचा इतका दुस्वास केला की विचारू नका.

त्यात काय शिजायचं? पातळ वरण, बटाट्याची भाजी, भात. हफ्सा दोन घास खाऊन उठायची. दर महिन्याला तिचं वजन करायला नेत. आजारपणाआधी ती बावीस किलो होती. पहिल्या महिन्यात एकवीस भरली, दुसऱ्या महिन्यात साडेवीस. आबिदा रडली. शब्बीर जेवला नाही.

आणि मी? मित्रांनो, मला आनंद झाला. मनात म्हटलं, अजून थोडी वाळू दे, मग कळेल यांना तवलीची किंमत. एका पोरीचं अंग झडत होतं आणि मी फळीवर पालथी पडून ते मोजत होते. मत्सर माणसाला काय करतो ते मला ठाऊक नाही, पण मला त्याने एवढं हलकं केलं होतं.

तालुक्याच्या इस्पितळात ऋतिका नावाची एक तरुण आहारतज्ज्ञ होती. वजनाचे आकडे बघून ती एक दिवस घरी जाता जाता आबिदाकडे थांबली. म्हणाली, मुलगी काय खाते ते कागदावर नको, मला चुलीवर बघायचंय. तिने टोपाचं झाकण काढलं आणि पळीने ढवळून पाहिलं.

"आबिदाताई, हे वरण आहे की वरणाचं पाणी?"

आबिदा ओशाळली. "आमच्याकडे सवय नाही ना मॅडम. मासे असले की डाळ कोण बघतो?"

शब्बीर दारात उभा होता. त्याच्याने राहवलं नाही. "मॅडम, राग नका मानू. पण दाण्यांवर पोर वाढतो का? माझ्या घरात सगळे माशांवर वाढले."

"वाढतं," ऋतिका म्हणाली, "पण नीट खाल्लं तर. तुम्ही होडी बांधताना बघितली असेल. समजा, होडीला नऊ जातीच्या फळ्या लागतात आणि त्यांतली एक जात कमी पडली. बाकीच्या आठ कितीही असल्या तरी?"

"काम तिथेच अटकणार," शब्बीर म्हणाला.

"आपल्या अंगाचं तसंच आहे. प्रथिनांच्या नऊ फळ्या अन्नातूनच घ्याव्या लागतात. माशात त्या सगळ्या एकत्र मिळतात, म्हणून तुम्हाला कधी विचार करावा लागला नाही. वालात, मुगात, चवळीत एक जात कमी असते. ती तांदळात आहे. तांदळात दुसरी कमी असते, ती वालात भरपूर आहे. एकटा वाल पुरत नाही, एकटा भातही पुरत नाही. दोघांना दिवसभरात एकत्र येऊ द्या, आणि डाळ अशी करा की पळी उभी राहील. वर तीळ, शेंगदाणे. दही रोज द्या, कारण एक जीवनसत्त्व दाण्यांत मुळीच नसतं. आणि पोट भरेल इतकं खाऊ द्या. पोरगी कमी खाते, हा अर्धा आजार आहे."

मी खिडकीबाहेर पालथी पडून ऐकत होते आणि जळत होते. म्हणजे हे दाणे एकटे कामाचे नाहीत, एकमेकांच्या कुबड्या घेऊन चालतात, आणि तरी यांना बोलावणं, आणि मी, जिच्यात सगळ्या नऊ फळ्या एका उकळीत तयार व्हायच्या, ती पडवीत.

जाता जाता ऋतिका म्हणाली, "आणि एक. माशांची जुनी भांडी तिच्यासाठी वापरू नका. विशेषतः लाकडाची, मातीची." तेवढ्यात शब्बीरला जेटीवरून फोन आला आणि तो बोलत बोलत अंगणात गेला. ते शेवटचं वाक्य आबिदाने ऐकलं. त्याने ऐकलं नाही.

वाल म्हटल्यावर आबिदाला कोकिळा आठवली. कोकिळा म्हणजे हीच, जिच्या घरी मी आज आहे. तेव्हा ती दर बाजाराला डोंगराकडून यायची. स्वतःच्या शेतातले कडवे वाल टोपलीत घेऊन दारोदार फिरायची, आणि आबिदाकडे आली की वाल देऊन सुके बोंबील न्यायची. आबिदा ते वाल घ्यायची खरी, पण करायची कधी क्वचित. त्या बाजाराला तिने कोकिळेला बसवूनच घेतलं आणि सगळी हकिगत सांगितली.

कोकिळेने आबिदाच्या डब्यातले वाल हातात घेऊन बघितले. "तू कशे शिजवतेस?"

"तसेच. कुकरला लावते."

"म्हनून पोर खात न्हाय बाय. तशे कडू लागतात, नि पोटात बी दुखतंय. आदी रातभर भिजव. मग पानी काडून फडक्यात बांद. दिसभर ऊब लागली का मोड येतो. मग कोमट पान्यात टाकून साल काड. मऊ शिजव, खोबरा घाल, आमसूल घाल, चिमूटभर गूळ. भाताशी दे. मंग मला सांग."

ती फडक्यातली पुरचुंडी मी विसरू शकत नाही. आबिदाने ती पांढऱ्या मऊ कापडात बांधली आणि चुलीजवळच्या उबेला अशी ठेवली, जसं तान्हं बाळ ठेवावं. दुसऱ्या दिवशी हफ्सा शाळेतून आली. दप्तर खांद्यावरच होतं. तिने पुरचुंडी सोडली, आत नाक घातलं आणि विचारलं, "आज कोण आहे?"

माझा प्रश्न. माझा एकटीचा. तो तिने भिजलेल्या वालांना विचारला.

"याला शेपूट आलंय अम्मी," ती म्हणाली. मायलेकी परातीत कोमट पाणी घेऊन बसल्या. हफ्साने बोटाच्या चिमटीत दाणा दाबला, तो सालीतून सटकन उडाला आणि आबिदाच्या कपाळाला लागला. हफ्सा हसली. इस्पितळातून आल्यापासून ती पहिल्यांदा अशी हसली होती. त्या हसण्याने आबिदाचे डोळे भरले आणि माझ्या अंगाला मात्र भट्टीची धग लागली. सोललेल्या पिवळ्या डाळिंब्या परातीत जमत होत्या. सुबक, नितळ, जणू नवरीचे दागिने. त्यांच्या एकेका दाण्याला मी मनात नावं ठेवली.

त्या दिवशी हफ्साने दोनदा भात घेतला.

पुढच्या महिन्यात वजन एकवीस भरलं. त्याच्या पुढच्या महिन्यात त्याहून पाऊण किलो जास्त. आबिदा कधी वालाच्या डाळिंब्या करी, कधी मुगाची घट्ट आमटी, कधी चवळी. तांदळाच्या भाकरीवर तिळकूट घालून डब्यात देई. कोकिळा दर बाजाराला येऊन विचारायची, "बाय, काटा किती?" आणि आबिदा बोटांवर सांगायची. कोकिळेलाही मी सोडलं नाही. मला वाटायचं, ही बाई टोपली घेऊन आली नसती तर मी आज चुलीवर असते.

मार्च महिना होता. हफ्सा साडेबावीस किलोंवर पोचली होती. पण मूल ते मूल. तिला रोजरोज तेच खाऊन कंटाळा आला. दोन दिवस तिने ताट अर्धं टाकलं. तिसऱ्या दिवशी आबिदाला श्रीवर्धनला मामीच्या घरी मयतीला जावं लागलं. डाळिंब्या सोलून ठेवल्या होत्या. शब्बीर म्हणाला, "तू जा, मी करतो. कुवेतला सहा वर्षं मीच शिजवायचो."

हफ्सा दुपारी शाळेतून आली आणि पायरीवर बसली. "अब्बा, मला भूक नाही."

"का गो?"

"तवलीतलं कालवण आठवतं. त्याचा वास छान यायचा. टोपाला वासच नाही."

शब्बीरने खिडकीबाहेरच्या फळीकडे बघितलं. मग तो पडवीत आला, हात वर करून त्याने मला फळीवरून काढलं आणि फुंकर मारून धूळ उडवली. काय सांगू तुम्हाला? इतके महिने मी कोळ्यांच्या जाळ्यात आणि पालींच्या सोबतीत काढले होते. त्याने मला नळाखाली धुतलं, कापडाने पुसलं. हफ्सा बघत होती.

"अब्बा, ही चालते?"

"मासा कुठे घालतोय? तूच बघ ना. नुसते वाल. मातीचा वास येईल फक्त."

तो खोटं बोलत नव्हता. पोरीने चार घास जास्त खावेत एवढंच त्याला हवं होतं. आणि मी तर सुखाने वेडी झाले होते. चूल पेटली, तळ तापला, खोबरेल तेल पसरलं, कांदा पडला. मग त्या डाळिंब्या आल्या, माझ्या वैरिणी, आणि मी त्यांना पोटात घेतलं. मनात म्हटलं, बघा, शेवटी माझ्याकडेच यावं लागलं ना? मी त्यांना माझं सगळं दिलं. जे जे माझ्या अंगात मुरलं होतं ते सगळं, उकळी उकळीने. स्वयंपाकघरभर तो जुना वास पसरला.

हफ्साने पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "अब्बा, मस्त झालंय."

त्या दोन शब्दांसाठी मी काय काय सोसलं होतं. दुसरा घास. तिसरा. पाचवा. सहाव्या घासाला तिचा हात गळ्याशी गेला.

शब्बीरने ते बघितलं आणि हातातली पळी टाकली. त्याने पोरीला उचललं आणि रस्त्यावर धावला. रिक्षाचा आवाज आला आणि लांब गेला. घराचं दार उघडंच होतं. माझ्यात उरलेल्या डाळिंब्या अजून रटरटत होत्या. आता त्यांच्यावर जळायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की विस्तव विझावा.

डॉक्टरीणबाईंनी पोचल्या पोचल्या मांडीत सुई दिली, म्हणून हफ्सा वाचली. रात्रभर तिला तिथेच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं घरी आली. हफ्सा आत जाऊन झोपली. शब्बीर पडवीच्या पायरीवर बसला. आबिदा बऱ्याच वेळाने त्याच्या शेजारी येऊन बसली.

"मी मासा घातलाच नव्हता आबिदा," तो म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो. मासा नव्हता."

"तवलीत होता," आबिदा म्हणाली. "डॉक्टरीणबाईंनी समजावलं मला. इतक्या वर्षांचा तिच्या अंगात बसलेला होता."

ती ओरडली नाही, त्याला दोष दिला नाही. त्यामुळे त्याला जास्त लागलं असावं. तो उठला, मला दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि दगडी पायरीकडे वळला. मी वाट बघत राहिले. मला ते न्यायाचं वाटलं.

आबिदाने त्याचं मनगट धरलं. "तिची काय चूक? तिला आपणच पाजत आलो ना? तुमच्या आईच्या हातची आहे. फोडू नका. पण या घरात नको."

पुढच्या बाजाराला कोकिळा आली तेव्हा आबिदाने मला सुतळीने बांधून अंगणात ठेवलं होतं. "कोकिळाबाय, तुमच्याकडे चालेल?"

"आमाला मासली चालते बाय. नेते मी. नि तुझी आठवन म्हनून ठेवते, हयगय न्हाय करनार."

अशी मी वालांच्या रिकाम्या टोपलीत बसून वालांच्या गावी आले. वाटेत टोपलीच्या तळाशी चुकून राहिलेले चार दाणे माझ्या बुडाशी खुळखुळत होते. त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नाही. अजून राग गेला नव्हता माझा, फक्त तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

इथे माझं बरं चाललं. धर्माजीला नदीचे मासे आवडतात, पावसाळ्यात सुके बोंबील असतात. इतर दिवशी शेजारच्या भांड्यात वाल शिजतात आणि मला रोज ते बघावं लागतं. या घरात माणसं वर्षाचे कितीतरी महिने भात आणि वालच खातात आणि धर्माजी साठीला आलेला असून भाताची गोणी पाठीवर घेतो. ही गोष्ट माझ्या कधी डोक्यात आली नव्हती. बाजारातून आली की कोकिळा नवऱ्याला बातमी देते. "मागल्या म्हैन्यात तेवीस भरली व्हती म्हने. आता चोवीस. आंगावरचा झगा आखूड झालाय."

परवा, म्हणजे यंदाच्या फेब्रुवारीत, शेतात वालाच्या शेंगा भरल्या. कोकिळेने आबिदाला निरोप धाडला की लेकीला घेऊन ये, शेंगा तोडायला मजा येईल तिला. त्या दिवशी पहाटेपासून घरात गडबड होती. कोकिळेने चूल सारवली, ओटा धुतला, खास नवा टोप आणि नवी पळी काढली. सगळ्यात आधी तिने धर्माजीला हाक मारली.

"त्या तवलीला बाहेर न्या. पार त्या आंब्याखाली. नि हात साबनाने धुवा मंग."

धर्माजीने मला उचलून शेताच्या कडेला, आंब्याच्या मुळाशी नेऊन ठेवलं. पूर्वीची मी असते तर अपमानाने तडकले असते.

ऊन वर आल्यावर त्या आल्या. लांबूनच मी आबिदाची चाल ओळखली. तिच्यापुढे एक उंच मुलगी बांधावरून धावत होती. मला आधी वाटलं दुसरीच कोणीतरी. मग ती हसली आणि मला कळलं. किती वाढली होती. पायांना मांस आलं होतं, वेणी कंबरेशी पोचली होती. ती शेंगा तोडायची, ओच्यात भरायची, पुन्हा धावायची. हे सगळं माझ्याशिवाय झालं होतं. एकेका दाण्याने, घासाघासाने, वर्षभर. मत्सर वाटला का? वाटला. थोडा वाटला. पण तो धुरासारखा डोळ्यांना लागून गेला, आत राहिला नाही.

शेंगा तोडत तोडत हफ्सा आंब्याकडे आली आणि दहा पावलांवर थबकली.

"आजोबा, ती आमची तवली आहे ना?"

"व्हय," धर्माजी म्हणाला. "जवल नको जाऊ पोरी."

"नाही जात." तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "बरी आहे का ती?"

"बरी हाय. रोज काम करते."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी त्या मुलीची कितीदा वाट बघितली असेल. पण त्या घडीला मला वाचा फुटली असती तर मी एवढंच म्हटलं असतं, बाळा, आणखी पुढे येऊ नकोस.

तुम्हीही एवढं करा. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणाला एखादी वस्तू चालत नसेल तर एवढ्याशाने काय होतंय, असं म्हणू नका. त्याचं भांडं वेगळं ठेवा, त्याचा चमचा वेगळा ठेवा आणि त्याला हसू नका. आणि ताटातल्या दाण्यांना कमी समजू नका. ते एकटे अपुरे असतात हे खरं. ते त्यांना माहीत आहे, म्हणून ते सोबत घेऊन येतात. मला ते कधी जमलं नाही.

कोकिळेने जेवायला हाक मारली. हफ्सा ओच्यातल्या शेंगा सांभाळत घराकडे पळाली. थोड्या वेळाने वाऱ्यावर तिचा आवाज आला.

"आजी, अजून भात वाढा. आणि डाळिंब्या पण. भरपूर."